मामांची पाठ आणि कॉम्प्युटरमधला माणूस

गाठ पाठीवर घेण्याआधी ते तिला तळहाताने दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, "चल गं बाय, सोडतो तुला." कपड्याची गाठ म्हणजे काही हातातलं गाठोडं नव्हे. पट्ट्यांनी करकचून आवळलेली, कमरेएवढी उंच. पण लेकीला एसटीत बसवून द्यायला निघावं तसे ते तिच्याशी बोलायचे. कशेळीच्या त्या गोदामात सगळेच त्यांना मामा म्हणत. मुकादमही, आणि मीसुद्धा.

कशेळीवरून तुम्ही कधी ना कधी गेला असाल. ट्रकांच्या रांगेत अडकून वैतागलाही असाल. पण त्या ट्रकांतला माल कोण उतरवतं हे आपण कधी बघतो का? मीही बघितलं नव्हतं, आणि मी तर भिवंडीतच वाढलेली! दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. फिजिओथेरपी शिकून नुकती बाहेर पडले होते आणि मुंबईच्या एका सरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले होते.

सरांनी कॉम्प्युटरमध्ये एक माणूस बनवला होता. हाडं, सांधे, स्नायू, सगळं. त्याला हालचाल दिली की कण्यावर किती भार पडला ते तो सांगायचा. तो खरं सांगतो का, हे तपासायचं काम आमचं. म्हणजे खरा हमाल घ्यायचा, अंगावर चमकत्या गोळ्या चिकटवून कॅमेऱ्यासमोर गाठ उचलायला लावायची, पाठीपोटावर स्टिकर लावून कुठला स्नायू किती आवळतो ते मोजायचं, आणि दोघांचं जुळतंय का बघायचं. गोदामवाल्यांनी आम्हांला खोली दिली होती ती काही विद्येच्या प्रेमाने नाही. गाठीला दोन माणसं हवीत, एक उचलून द्यायला आणि एक वाहायला, की एकच पुरे, हे त्यांना आमच्या अहवालावरून ठरवायचं होतं.

पहिल्याच दिवशी मामांनी आमची दांडी उडवली. सदरा काढून उभे राहिले तर पाठ आरशासारखी चकाकतेय! एक स्टिकर टिकेना. लावला की घसरला.

"अहो मामा, हे काय करून आलात?"

"साहेबलोक उघडी पाठ बघनार ना. सून म्हनाली, वंगाळ दिसाया नको. चोळून दिलं तेल."

हमालांची टोळी पोट धरून हसली. मामांना नळावर नेऊन तीन वेळा साबण लावला तेव्हा कुठे काम सुरू झालं. नंतर ते पडद्यावरच्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिले.

"ह्याला घाम येत न्हाय?"

"नाही, मामा."

"भाकर लागते?"

"तीही नाही."

"मंग टोळीत घ्या की याला. मुकादम खूश होईल."

त्यांची आणखी एक गंमत होती. चालता चालता डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि ते तसेच पुढे जायचे. मागून पोरं ओरडायची, "मामा, चप्पल!" मग ते वळायचे, जीभ चावायचे. मीही हसायचे. एवढं शिकलेली मी, आणि हसायचे! माणसाला पायातली चप्पल निसटलेली कळत नाही म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा लागला.

ते शिरलं कशामुळे, तर त्या स्टिकरांमुळे. कॉम्प्युटरचं म्हणणं असं, की गाठ उचलताना पाठीचे स्नायू राबतील आणि पोटाचे जवळजवळ स्वस्थ राहतील. बाकीच्या हमालांचं तसंच आलं. मामांचं पोट मात्र गाठीला हात लावायच्या आधीच दगडासारखं आवळलेलं. दुखरा कणा जागेवर धरून ठेवायला माणूस असं करतो, आणि त्याने कण्यावरचा भार आणखी वाढतो. मी स्टिकर बदलले, पुन्हा मोजलं. तेच. सर चहाला गेले होते. मी मामांच्या कमरेवर अंगठा दाबला तसे ते कळवळले. पायाला जाणारी शीर दबली होती, म्हणूनच चप्पल निसटलेली त्यांना कळत नव्हती.

"किती दिवस आहे हे?"

"दोन वर्सं झाली असतील." मग त्यांनी दाराकडे बघितलं. "ताई, लिवू नका. मुकादमाला कळलं तर टोळीतून नाव कापेल. घरात कमावता मीच हाय."

टोळीची रीत मला ठाऊक होती. जो आपल्या वाटणीची गाठ उचलू शकत नाही त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी त्याच्याच गावचा दुसरा माणूस उभा राहतो.

मला त्यांची दया आली, आणि मी गाढवासारखी वागले. वहीत लिहिलं: तेलामुळे स्टिकर सुटले, माप बाद. सरांनी वाचलं आणि हसले. पहिल्या दिवसाचा तमाशा त्यांनी पाहिलाच होता, शंका यायचं कारणच नव्हतं.

अहवाल झकास झाला. कॉम्प्युटरमधला माणूस आणि खरी माणसं यांचं छान जुळलं. एका माणसाने गाठ उचलायला हरकत नाही, असं त्यातून निघालं. पुढच्या महिन्यापासून कशेळीत गाठीला एकच माणूस.

सात महिन्यांनी एका सकाळी गाठ पाठीवर असतानाच मामांचा डावा पाय लुळा पडला. मला कळलं तेव्हा मी सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "ते एक माप समोर असतं तर मी अहवाल थांबवला असता गं. सगळ्यांच्या पाठी आधी तपासल्या असत्या." त्यांनी गोदामवाल्यांना पत्र पाठवलं. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

मग मी मामांच्या गावी गेले. अंबाडी नाक्याला उतरून पुढे रिक्षाने. मामा अंगणात खाटेवर पडले होते, दाढी वाढलेली. मी बसले आणि बोलायच्या आधीच रडले.

"मामा, मी तुमचं ऐकायला नको होतं."

"ऐकलंत ते बरं केलंत. सात म्हैने काम तरी भेटलं." मग त्यांनी विचारलं, "टोळी कशी हाय? गाठीला आता एकच मानूस?"

"एकच."

"कोनाला सांगितलं न्हाय वो मी. मना वाटलं, माझ्या एकट्याच्याच पाठीचं हाय." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "पोरांचं वंगाळ केलं आपुन."

आपण, म्हणाले. ‘तुम्ही’ असं म्हणाले नाहीत.  

ऊन खाटेवर आलं होतं. सून पाण्याला गेलेली. त्यांना आत न्यायला म्हणून मी उठले, वाकले, दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले.

"अशा न्हाय, ताई," ते घाईघाईने म्हणाले. "गुडघे मोडा आधी. कंबर जाईल तुमची."