मुक्कामी इलेक्ट्रॉन

जिथे भांड्यातली हवा उपसायला पंप तीन-तीन दिवस चालवायचा आणि खरं काम जेमतेम तासाभराचं, तिथे किस्से साठणारच. मधल्या वेळात माणसं दुसरं काय करणार?

आमच्या कॉलेजात फिजिक्स लॅबच्या मागे एक खोली होती. तिथे आम्ही तिघं. कांबळे सर, निवृत्तीला आलेले. लॅब अटेंडंट राठोडमामा, सेनगावजवळच्या तांड्यावरून रोज जीपने येणारे. आणि मी, तासिका तत्त्वावर शिकवणारा, ज्याला कशाचाच दम निघत नसे.

सरांची इच्छा एकच होती. नायट्रोजन असलेल्या रिंगच्या रेणूंची वाफ घ्यायची, तिच्यावर अगदी कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडायचे आणि रेणू नेमका कधी तुटतो ते पाहायचं. डीएनएमध्येही अशाच रिंगा असतात. सरांना हे निवृत्तीआधी, हिंगोली जिल्ह्यात, स्वतःच्या हाताने करून पाहायचं होतं.

*

निर्वात पोकळीसाठी स्टीलचं भांडं हवं होतं. मळणीयंत्राचे शाफ्ट करणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेलो.

"सर, याच्यात काय भरनार हाय?"

"काहीच नाही. आतली हवासुद्धा काढून टाकायची आहे."

"मंग एवढं जाड काहून पायजे?"

सर हवेच्या दाबावर पंधरा मिनिटं बोलले. मी घड्याळ बघत होतो. तो मात्र हातातलं काम थांबवून ऐकत होता. शेवटी आत वळून कारागिराला ओरडला, "जाडच कर रे! सरचं 'काही न्हाई' लई वजनदार हाय!"

*

पिरिडीन, तसल्याच रिंगचं एक रसायन, मी नांदेडहून एसटीने आणलं. त्याचा वास सडक्या माशासारखा. बाटलीचं बूच सैल निघालं आणि वसमतच्या पुढे गाडीत बोंबाबोंब झाली.

दारापाशी एक बाई सुकटीचं गाठोडं घेऊन बसली होती. कंडक्टर थेट तिच्यावर धावला. "बाई, सगळी गाडी वास मारून राहिली! टाका ते टपावर!"

"माही सुकट चांगली वाळेल हाय साहेब, असा वास न्हाई मारत!"

गाठोडं टपावर गेलं. हट्टा येईपर्यंत बाई उभ्यानेच गेली. तिथे ती उतरली, गाठोडंही उतरलं. गाडी सुटली. वास गाडीतच!

कंडक्टरने एकेकाकडे बघायला सुरुवात केली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

हे मी सरांना मोठ्या रंगात सांगितलं. ते हसले नाहीत. "ती बाई बाजारात सापडेल का रे?" एवढंच म्हणाले. मी चिडून म्हणालो, "सर, प्रयोग महत्त्वाचा आहे!"

*

पिरिडीनचं काही जमलं नाही. मग पिरोल घेतलं. त्याच्याही रिंगमध्ये एकच नायट्रोजन, पण त्या नायट्रोजनवर एक हायड्रोजन.

एकदा संस्थेचे एक पदाधिकारी खोली बघायला आले. म्हणाले, "इलेक्ट्रॉन हळू काहून सोडता? जोरात हाणा ना!"

सर म्हणाले, "या हळू इलेक्ट्रॉनची गंमतच वेगळी आहे साहेब. तो ठरावीक ऊर्जेचा असला की रिंगला चिकटतो, क्षणभर रेंगाळतो, आणि तेवढ्यात नायट्रोजनवरचा हायड्रोजन सुटून जातो. वेगवान असतो तो असा चिकटत नाही."

पंपाचं तेल पुसता पुसता मामा म्हणाले, "म्हंजे बराबर हाय. धावता पाव्हना च्या पिऊन जातो. मुक्कामी पाव्हना घर मोडतो!"

सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहून घेतलं. पाहुणेही हसले. जाताना म्हणाले, "सर रिटायर झाले की ही खोली कॉम्प्युटर लॅबला द्यायची."

*

ते दिवस लोडशेडिंगचे. लाइट दुपारी ठरल्या वेळी जायची. आमचा नियम असा, की त्याआधी दहा मिनिटं मामांनी भांड्याची झडप बंद करायची आणि मगच पंप थांबवायचा. झडप उघडी असताना पंप बंद पडला, तर पंपाचं तेल भांड्यात चढतं.

सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता. ते म्हणाले होते, "आज भांडं फक्त तापू दे. मोजणी उद्या." आणि प्राचार्यांकडे गेले.

मला दम निघाला नाही. मोजणी सुरू केली. इलेक्ट्रॉनची ऊर्जा जराजरा वाढवत गेलो, आणि मीटर चढायला लागला! तुटलेल्या रेणूचे तुकडे! एकेक आकडा वहीत लिहीत, आलेखावर ठिपके देत होतो. नुसता चढ पुरत नाही, तो गळतीमुळेही दिसू शकतो. चढानंतर उतार आला तरच ते शिखर, म्हणजे रेणू तुटायची नेमकी ऊर्जा.

"सर, टाइम झाला. झडप लावू?"

"थांबा मामा, दोनच मिनिटं!"

"सर, लाइट जाईन."

"थांबा म्हणतो ना!"

पंपाचा आवाज एकदम थांबला. मामा धावले, पण झडप हातात येईपर्यंत भांड्याच्या काचेवर तेलाचा ओघळ दिसला. ते भांडं साफ करून पुन्हा तसं करायला दोन महिने लागले असते.

*

निरोप समारंभाच्या दिवशी सर हार गळ्यात असतानाच खोलीत आले. अर्धं सामान बाहेर निघालं होतं. त्यांनी माझी वही मागितली. आलेखावर चढत गेलेले ठिपके होते, पुढे कोरा कागद.

सोबत आलेले प्राचार्य म्हणाले, "उताराचे ठिपके देऊन टाका ना सर. कोन बघून राहिलं?"

सरांनी पेन काढलं. शेवटच्या ठिपक्याशेजारी लिहिलं, 'इथे वीज गेली.'

मामा दारात खुर्च्या रचत होते. तिथूनच म्हणाले, "सर, लाइट तर रोजच्याच टायमाला गेल्ती."

"माहीत आहे मामा," सर म्हणाले, आणि पेन माझ्यापुढे धरलं. "प्रयोग करणाऱ्याची सही राहिली आहे."