मेलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि नवमीचे पाणी

दुकानदाराने ‘मेलं’ म्हणून परत केलेले यंत्र खरोखरच मेलेले असते का, एवढा एकच प्रश्न मला सोडवायचा होता. नोकरीत असताना तो पडला नाही, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत बिघडलेली वस्तू कपाटात जाते आणि कपाटाला कुलूप लागते. निवृत्त झाल्यावर मात्र कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी एक टेबल मांडले. जुन्या बाजारातून बंद पडलेले रेडिओ, मिक्सर, चार्जर आणून उघडू लागले. विकायचे नव्हते. का बंद पडले ते कळले पाहिजे, एवढाच छंद.

मुलाला हा निव्वळ पसारा वाटे. दसऱ्याला नवे वॉशिंग मशीन घ्यायचे त्याने ठरवले, आणि जागा नेमकी त्याच पडवीत काढली.

“आई, टेबल काढायचं. अख्ख्या पेठेचं भंगार आपल्या दारात येतंय.”

“भंगार कोण ठरवतं?”

“दुकानदार ठरवतात की! त्यांचा धंदाच आहे तो.”

“त्यांचा धंदा नवीन विकायचा आहे.”

हे बोलणे चालू असतानाच शेजारच्या तालमीचे वस्ताद दारात आले. काखेत तालमीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. फुटबॉलच्या सामन्याचे धावते वर्णन आणि गणपतीची आरती, दोन्ही त्याच पेटीतून पेठेला ऐकू जाई.

“घ्या बाई. दुकानदार म्हणतोय बोर्ड गेला, आता नवाच घ्या. मेलंय त्ये. तुमास्नी खेळायला आणलं.”

मुलगा हसला. ते ‘खेळायला’ आणि ते हसणे, दोन्ही मला लागले. मी तिथेच पैज लावली. खंडेनवमीच्या आत हा अ‍ॅम्प्लिफायर बोलला तर टेबल पडवीतच राहील. नाही बोलला तर टेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच हातगाडीवरून भंगारात जातील. मुलाने लगेच मान्य केले.

“मी साक्षीला हाय,” वस्ताद म्हणाले, “पर बाई, हरताय बगा.”

आता कामाची रीत सांगते, कारण पुष्कळ लोक इथेच चुकतात. बंद यंत्र हाती आले की पहिला मोह ते चालू करून पाहण्याचा होतो. तो आवरावा. प्लग काढलेला असला तरी आतले मोठे कॅपॅसिटर वीज धरून बसतात. ती उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये. मग आधी पाहावे, नंतर हुंगावे, आणि मोजमाप सर्वांत शेवटी करावे. जळालेला भाग वासाने सापडतो. इथे जळल्याचा वास नव्हता. वास होता तो ओल्या हळदीचा.

वरच्या जाळीच्या बरोबर खाली बोर्डावर लालसर खपली धरली होती आणि तिच्यात अक्षतांचे दाणे रुतले होते. ती खपली मी दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि स्पिरिटने सोडवली. खाली तांब्याची एक बारीक रेघ हिरवी पडलेली दिसली. अखंड तांब्याच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या सुया लावल्या की तो ‘पीं’ करतो. इथे तो गप्प राहिला. रेघ मध्येच खाल्ली गेली होती आणि माईकचा आवाज तिथून पुढे जात नव्हता. बोर्ड गेला नव्हता. बोर्डावरची एक वाट तुटली होती.

ती कशाने तुटली, हे कोल्हापुरात कुणाला वेगळे सांगायला नको. खंडेनवमीला आपण हत्यारे आणि अवजारे पुजतो. तालमीत गदा-तलवारींच्या रांगेत हा अ‍ॅम्प्लिफायरही मानाने बसे. दर वर्षी त्याच्यावर पाणी शिंपडले जाई, हळदकुंकू वाहिले जाई, वर अक्षता टाकल्या जात. जाळीतून ते सगळे आत उतरे. मी दोष कुंकवाला देत नाही. दोष पाण्याचा आहे.

तुटलेल्या जागी मी बारीक तारेचा तुकडा ठेवला, दोन्ही टोकांना कथलाचा डाग दिला आणि मीटर लावला. पीं. मग पेटी बंद करून वस्तादांना तालमीचा माईक आणि कर्णा घेऊन यायला सांगितले. त्यांनी माईक हातात घेतला आणि सवयीने घसा साफ केला. तो खाकरा गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.

“आयला, बोलतंय की!” हेही माईकमधूनच गेले. “बाई, आता ह्ये आमचंच बरं का. मेलं हुतं तवर तुमचं.”

मुलगा मात्र सरळ हरणारा नव्हता. “चालू झाला, कबूल. पण टिकेल कशावरून?”

पैजेत टिकण्याचे कलम नव्हते. तरीही शंका शास्त्राला धरून होती, म्हणून मी ती नाकारली नाही. वस्तादांना सांगून पेटी खंडेनवमीपर्यंत ठेवून घेतली आणि रोज त्या अ‍ॅम्प्लिफायरवर मी मोबाइलची गाणी लावून ठेवली. शेजारीण तक्रार घेऊन आली, आणि जाताना स्वतःच्या आवडीचे गाणे सांगून गेली. अ‍ॅम्प्लिफायर एकदाही अडखळला नाही.

नवमीच्या सकाळी पाहते तर मुलगा टेबलावरच्या बरण्या खाली उतरवतोय.

“उद्या मशीन येतंय गं. चार दिवस चालला म्हणजे झालं का?”

मी काही बोलण्याआधी वस्ताद अ‍ॅम्प्लिफायर न्यायला आले. हातात हळदकुंकवाचे तबक आणि पाण्याचा तांब्या. “हितंच पुजून नेतो,” म्हणत त्यांनी पाण्यात बोटे बुडवली. मी जाळीवर दोन्ही पंजे ठेवले.

“बाई, हात काढा.”

“नाही काढणार.”

“नवमीला हत्यार कोरडं ठेवत न्हाईत.”

“वस्ताद, तालमीतली तलवार पुजल्यावर तुम्ही तिचं काय करता?”

“पुसतो. त्याल लावून ठेवतो. न्हायतर गंजंल की.”

“मग या पेटीच्या आतलं पाणी पुसायला कोण जातं?”

वस्ताद जाळीत डोकावले. हिरव्या रेघेची गोष्ट मी त्यांना थोडक्यात सांगितली. त्यांच्या बोटांवरून पाणी तसेच ठिबकत राहिले.

“म्हंजे आमीच मारलं व्हय त्येला?”

“तुम्ही पुजलंत. पाण्यानं मारलं.”

“आता तबक भरून आणलंय, त्ये परत नेऊ व्हय?” असे म्हणत त्यांनी पाणी आणि हळदकुंकू माझ्या टेबलाच्या कडेला वाहिले, झेंडूचे फूल मल्टिमीटरशेजारी ठेवले आणि मुलाकडे वळले. “बरण्या वर ठेव रं. पुजलेलं अवजार हलवत न्हाईत. आन् उद्या सोनं वाटायच्या दिवशी आईचं टेबल घराबाहेर काढतूस व्हय?”

मुलाने बरण्या वर ठेवल्या. वॉशिंग मशीन न्हाणीघरात बसले. टेबल पूजेमुळे राहिले, असे तो आजही सांगतो. माझे म्हणणे लेखी नोंदवून ठेवते: टेबल राहिले ते पैजेमुळे, आणि पैज जिंकली ती तांब्याच्या एका रेघेमुळे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुमच्या घरातल्या रेडिओच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या वरच्या जाळीत गेल्या नवमीचे डाग आहेत का, ते प्लग काढून, पेटी न उघडता, बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहा.