हिराबाई बांधावरून हलली नाही

ग्रुपवरच्या गाडीवेड्यांनो, रोह्याच्या सायबर कॅफेत बसलोय. कीबोर्डला ब्रेक ऑइल लागतंय, पण हे आजच सांगायचंय.

धाटावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून मी आणि माझा जोडीदार प्रकाश आमची रेसची कार्ट टेम्पोत घालून धरमतरजवळच्या खाजणात, खाडीकाठच्या ओल्या सपाट जमिनीवर गेलो. पुढच्या-मागच्या ब्रेकच्या नळ्या मीच टाकल्यात. बारा वर्षं कंपनीत पाइप फिटिंग करतोय, त्यामुळे गुर्मी होतीच.

वेगात ब्रेक दाबला आणि कार्ट गर्रकन फिरली. म्हटलं, नळीत हवा राहिली असेल. तीनदा हवा काढली, तीनदा कार्ट फिरली.

मिठागराचा बांध लिंपणारी हिराबाई खाली उतरली आणि ओल्या जमिनीवरच्या खुणांवर वाकली.

"पुढल्या चाकाची नक्षी उमटलीय, म्हंजे ते फिरत व्हतं. मागल्याची पुसून गेलीय. मागलं आधी अडतंय, बाबा."

जन्मभर मिठागराची जमीन पायांनी तुडवणारी बाई ती. कुठला पाय घसरला, ते तिला ठशावरून कळतं!

ब्रेकचा जोर वाटणारा पेडलमागचा स्क्रू मी दोन आटे फिरवून जोर पुढच्या चाकांकडे दिला. तोवर हिराबाई परत बांधावर चढून माझ्या वाटेच्या समोरच उभी राहिली.

"मावशी, बांधावरून बाजूला व्हा. हळूच येतो."

"नाय. मगासच्याच वेगात ये."

मी ब्रेक दाबला. कार्ट सरळ येऊन तिच्यापासून चार हातांवर थांबली. ती तसूभरही हलली नव्हती.

ब्रेक माझे, भरवसा तिचा. खरं सांगा, तुम्ही राहिला असता उभे?