साळवी नाना आणि एक जून

परदेशातील स्पर्धेला कोणते मूल पाठवायचे, हे नेमके कशावरून ठरते? या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या शाळेतील क्रीडाशिक्षक वसंत साळवी यांच्यामुळे मिळाले. गेल्या महिन्यात ते गेल्याचा निरोप कर्जतहून आला आणि ते उत्तर नीट लिहून ठेवावे असे वाटले...

साळवींना आम्ही सारे नाना म्हणत असू. खोपोलीत एका कारखान्याच्या वसाहतीत सिमेंटचा गुळगुळीत चौक होता. तेथे ते मुलांना चाकांच्या बुटांवर गिरक्या घ्यायला शिकवत. शिळफाट्यावर भाजी विकणाऱ्या सखूबाईंची कमल ही त्यांची सर्वांत तयार विद्यार्थिनी. मुंबईच्या निवड चाचणीत ती दुसरी आली. नानांनी मला नियम फळ्यावर मांडावा तसा समजावला होता. आयोजक प्रत्येक देशाला जागा ठरवून देतात. राष्ट्रीय महासंघ चाचणीतील गुणांच्या क्रमाने तितकी नावे कळवतो. त्यापुढचे एक नाव राखीव राहते. मात्र कनिष्ठ गटासाठी एक जुलैला सोळा वर्षे पूर्ण झालेली नसावीत. जागा दोन होत्या, तरी पत्र आले ते तिसऱ्या आलेल्या मुलीच्या निवडीचे. दाखल्यानुसार कमलचे वय एका महिन्याने जास्त भरत होते. पुढच्या वर्षी तर तिला हा गट मिळणारच नव्हता.

दाखल्यावरची तारीख होती एक जून, आणि ती मुख्याध्यापक म्हणून मीच घातली होती. जन्माचा कागद नसलेल्या प्रत्येक मुलाला प्रवेशाच्या वेळी आम्ही एक जूनच देत असू. वय भरे, काम भागे. नाना मला घेऊन सखूबाईंच्या पाटीसमोर उभे राहिले. मेथीची जुडी बांधता बांधता त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी झाली ती. मी तवाच बोलले व्हते, गुरुजी. तुमी म्हनलात, पंचमी कागदावर बसत नाय."

मी तसे म्हणालो होतो...

नानांनी खालापूरच्या कचेरीत तीन दिवस फेऱ्या घातल्या. गावच्या पोलीस पाटलाने कळवलेली नोंद तिसऱ्या दिवशी सापडली: सखू हिस मुलगी, ऑगस्ट महिना. पण शाळेने आपली चूक लेखी मान्य केल्याशिवाय ती नोंद महासंघापुढे टिकणार नव्हती. मी अडखळलो. एक तारीख चुकली म्हटले, तर बाकीच्या मुलांचे काय, असे शिक्षणखात्याचे साहेब विचारतील, ही माझी भीती मी बोलून दाखवली.

"विचारू देत. मग बाकीच्यांच्याही शोधू," नाना म्हणाले. "सही तुमचीच लागेल, गुरुजी. माझी चालत नाही."

मी सही केली. दोन्ही कागद घेऊन नाना स्वतः मुंबईला गेले. नावे अजून आयोजकांकडे रवाना झाली नव्हती. कमल गेली. पदक मिळाले नाही. परत आल्यावर आईने तिला एवढेच विचारले, की तिकडची जमीन तरी आपल्यापेक्षा मऊ होती का गं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नाना दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी माझ्या शेजारी बसत. प्रत्येक आईला विचारत: सण कोणता होता, भात लावत होतात की कापत होतात? मग कचेरीत जाऊन ताळा पाहत. आमच्या रजिस्टरातील तारखा हळूहळू वर्षभर पसरल्या.

वाचकांना विनंती एवढीच, की माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या मुलाचा दाखला काढून पाहा. तारीख एक जून असेल, तर त्याच्या आईला विचारा, आणि ती सांगेल ते कचेरीत जाऊन ताडून घ्या.