थंड पातेल्यातली बुडबुड

चूल विझली होती, तरी पातेल्यातून बुडबुड ऐकू येत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. कारंजा गावाच्या पलीकडे सागतोडीच्या तळावर मी करवत ओढायचो. सगुणाबाई आम्हा वीस जणांना रांधून घालायची. बाजाराच्या दिवशी कोंबड्या शिजायच्या, थोडा रस्सा सकाळसाठी ठेवायचा. उन्हाळा लागला होता; त्या सकाळी झाकण काढलं तर वर फेस.

"काऊन आंबलं, बाई?" दौलत मुकादम म्हणाला. "तुह्या हाताले गुण नाई. पुढल्या बाजारी असंच झालं तं गाठोडं बांधजो."

सगुणाबाईच्या जिवावर घरी तिची आंधळी आई जगत होती.

नासल्या रश्श्याचे किस्से एकटे येत नाहीत. एकानं सांगितला की दुसऱ्याला आठवतो. तो आठवडाभर आम्ही तेच बोलत होतो, आणि सगुणाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती.

*

आमच्यातल्या किसनानं एकदा फाशात चार तितर धरले. सकाळी मारले, पोट साफ न करता पोत्यात घातले आणि दिवसभर उन्हात हिंडवले. संध्याकाळी पातेल्याजवळ बसवेना.

"तितरं म्हातारे होते," किसना म्हणाला.

"म्हातारी तं मी बी आहो," सगुणाबाई म्हणाली. "मले नाई वास सुटला."

*

याच किसनानं पोळ्याला कल्हई उडालेल्या पितळी गंजात कोंबडा शिजवला, वर चिंच घातली. रस्सा हिरवट झाला. दोन घास खाल्ले आणि सगळे ओकायला पळाले.

"कोंबड्याचा तळतळाट लागला," किसना म्हणाला.

"कोंबड्याचा कायले? कल्हईवाल्याचा. तीन वर्षं झाले, त्याले बोलावलं नाई," सगुणाबाई म्हणाली.

*

तिसरा किस्सा माझा. बायको पोटुशी होती, तळेगावला. तिच्यासाठी कढत रस्सा डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं, डबा घोंगडीत गुंडाळला आणि दिवसभर चाललो. घरी उघडला तर आंबूस वास.

तिनं डबा बाजूला ठेवला, चटणीशी भाकर खाल्ली. म्हणाली, "तुमी आणलं, पोचलं मले."

हे ऐकून सगुणाबाईचा हात परातीत थांबला. "वाफ कोंडली तुमी, भाऊ. उघडं निवू द्या लागते." मग स्वतःशीच म्हणाली, "पण मी तं निवूनच झाकतो. कोंबडी ताजी, कल्हई नवी. मंग?"

*

पुढच्या बाजारी तिनं रस्सा एकाच गंजात शिजवला, मग दोन पातेल्यांत ओतला. दोन्ही उघडी ठेवून निववली. एकावर झाकण घालून कणकेनं लिंपलं. दुसरं तसंच उघडं ठेवलं.

मुकादम नेहमीसारखा मीठ पाहायला आला. तो त्याचा मान होता. पळीभर रस्सा तोंडाला लावला, पळी चाटली, "जमलं" म्हणाला आणि तीच पळी उघड्या पातेल्यात फिरवली. तो गेल्यावर तिनं त्यावरही झाकण घातलं. दर बाजारी तो हेच करायचा. आम्ही दर वेळी पाहायचो.

सकाळी सगळ्यांसमोर तिनं कणीक फोडली. रस्सा कालच्यासारखाच. दुसऱ्या पातेल्यातून बुडबुड ऐकू येत होती.

"हे काऊन नासलं?" मुकादमानं विचारलं.

सगुणाबाईनं पळी धुतली, पुसली आणि त्याच्यापुढे धरली. "याच्यातलं मीठ तुमी काल पाह्यलं होतं, मुकादम. आता त्या लिंपलेल्यातलं पाहा."

मुकादमानं पळी हातात घेतली. पळीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. त्यानं पळी हळूच दगडावर ठेवली आणि सागाच्या ओंडक्यांकडे चालू लागला.