दोनशे ऐंशीचं सूप

पुतणीनं पुण्याहून आणलेल्या कॉफीच्या पाकिटावर लिहिलं होतं की ती पिकवणाऱ्याला रास्त दाम मिळतो. मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. झाडं किती उंचीवर वाढली ते होतं, कॉफीला संत्र्याचा वास येतो असंही होतं. पिकवणाऱ्याच्या हातात नेमके किती रुपये पडतात, तेवढं मात्र कुठेच नव्हतं. खोपोलीतल्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करते. बिलावर आकड्याच्या जागी ‘रास्त रक्कम’ असं लिहून माझ्याकडून कोणी पैसे नेऊन दाखवावेत.

“प्यायची आहे की ऑडिट करायचंय?” नवऱ्यानं विचारलं.

मी प्यायले. संत्र्याचा वास काही आला नाही. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. ज्याला समोर बसून विचारता येईल अशा माणसाकडूनच रास्त दामानं का घेऊ नये?

कर्जतच्या बाजारात एक मावशी सुपं आणि रोवळ्या घेऊन बसायच्या. कोंडाण्याच्या बाजूच्या एका वाडीतून यायच्या. बांबू चिरण्यापासून विणण्यापर्यंत सगळं काम घरचं. सूप दीडशेला. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि विचारत गेले. बांबू केवढ्याला पडतो, कामट्या काढायला किती वेळ जातो, टेंपोवाला किती घेतो. त्यांनी सगळं सांगितलं आणि मग माझ्याकडे नीट बघितलं.

“बाई, तुमी सरकारी हाव काय?”

“नाही हो. तुम्हाला जास्त पैसे द्यायचेत.”

“मंग सरकारी नाय,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी आकडे मांडले. मजुरी अगदी कमीत कमी धरली तरी सूप दोनशे ऐंशीच्या खाली बसत नव्हतं. मी पुढच्या बाजाराला जाऊन तसं सांगितलं आणि वर म्हटलं, “आता यापेक्षा कमीत कोणालाही द्यायचं नाही. शब्द द्या.” मावशी हसल्या आणि त्यांनी शब्द दिला.

मग आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या मागे लागून मी दहा सुपांची ऑर्डर जमवली. पैसे सगळे थेट मावशींना. एकीनं सूप दिवाणखान्यात भिंतीवर टांगलं, एकीनं त्यात रिमोट ठेवले. पाखडायला म्हणून घेणारी मी एकटीच, आणि आमच्याकडे तांदूळ निवडलेलेच येतात. तरी मी खूश होते. मावशींनी विचारलं, “पुन्ना कधी लागतील?” मावशींचं सूप दहा वर्षं सहज टिकतं. “दिवाळीला बघू,” असं काहीतरी मी पुटपुटले.

दिवाळीच्या आधी गौरी आल्या. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून ओवसा भरते, म्हणजे फळं-भाज्यांनी भरलेली पाच सुपं गौरीपुढे ओवाळते. सुपं नवी कोरीच लागतात. त्यामुळे सूप विणणाऱ्यांची वर्षाची खरी कमाई या चार दिवसांत होते. मी रोवळी घ्यायला गेले, तर बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या दोघींची सुपं संपत आली होती. मावशींची रास मात्र तशीच, आणि समोर एक सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मागे त्यांची नवी सून.

“पाच सुपांचे चौदाशे? मावशे, एवढ्यात मी दुसरी सून आणीन गं!”

“तेवढ्यालाच हाय.”

“सोनं विणलंस काय त्यात?”

सासूबाई बडबडत पुढे गेल्या. मी घाईनं मावशींजवळ बसले. “अहो, गेली की ती. थोडं कमी का नाही केलंत?”

“तुमीच सांगितलंत नाय? शब्द दिलाय.”

“पण एकसुद्धा खपलं नाही?”

“कसं खपंल? या बाया काय भित्तीला टांगणार हायेत?”

मी मनातल्या मनात गुणाकार केला. दर माझा अगदी बरोबर होता, फक्त त्याला शून्यानं गुणायचं होतं. मी म्हटलं, सगळी सुपं मीच घेते. मावशींनी हात झटकला.

“आन ठेवाल कुठं? बाई, ही गिऱ्हाईकं माझी हायेत. आज सासू दुसरीकडं गेली तर उद्या तिची सून पण तिकडंच जाईल. मला शब्दातून मोकळं करा.”

“मग तुम्ही आधीच का नाही कमी केलंत? मला कुठे कळणार होतं?”

“कळलं असतं तर तुमी रागावला असता. तुमची दहा सुपं पण गेली असती.”

हे मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं. रास्त दामाबरोबर मी त्यांना माझी भीतीही देऊन ठेवली होती. मी म्हटलं, “मावशी, मोकळ्या झालात. तुम्हाला पटेल त्या भावानं द्या.”

मावशी ताडकन उठल्या. “ओ सासूबाय! या इकडं, तुमच्यासाठी अडीचशे!”

सासूबाई अर्ध्या वाटेवरून परतल्या. “दीडशे.”

“दीडशे? या बाईला विचारा कितीला घेतलं ते. सांगा वो बाई.”

मला खोटं बोलता येत नाही. “दोनशे ऐंशी,” मी म्हटलं.

“बघा! शिकलेली बाय हाय, हापिसात हिशेब करते!”

सासूबाईंनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. सूनही गालात हसली. सौदा दोनशेवर ठरला, म्हणजे मावशींच्या जुन्या भावापेक्षा पन्नास वर. सुपं उचलताना सासूबाई सुनेच्या कानाशी लागल्या, पण आवाज काही लहान केला नाही. “बघ गं, एवढी शिकून पण फसली बिचारी.”

मी रोवळीचे पैसे देऊन निघणार, तर मावशींनी माझी पिशवी धरली.

“जाता कुठं? बसा जरा. त्या बघा दोघी येतायत.”

मी बसले. येईल ती विचारायची आणि मी खरं सांगायची, की दोनशे ऐंशी दिले. कोणी चुकचुकायची, कोणी तोंडाला पदर लावायची, आणि मग दोनशे मोजून सुपं घेऊन जायची. रास उतरत होती. पाच-सहा सुपं उरली तेव्हा मावशींनी माझ्यासाठी चहा मागवला आणि चहावाल्याला म्हणाल्या, “साखर जास्त टाक रं, बाईला अजून बोलायचं हाय.”