काचेवरचा खडू

पोलादपूरच्या आमच्या गॅरेजवाल्याची एक खोड आहे. गाडीचं काय बिघडलंय ते तो कधी लिहीत नाही, तिनं काय करायचंय ते खडूनं काचेवर लिहितो: 'आंबेनळी घाट न थांबता चढणार.' बस्स! मी नोकरीत रोज वीस कामांची यादी करायची, आणि आधीच झालेली कामंही त्यात घुसडून त्यांच्यापुढे खुणा करायची. एवढी मी शहाणी!

परवा नातीची महाबळेश्वरला दहाला मुलाखत, आणि आम्हा दोघींची जीप नेमकी त्याच्या दारात बंद पडली. त्यानं काचेवर लिहिलं, 'पोरगी दहाला महाबळेश्वरात.' मग बोनेट उघडून पाहिलं, पाना खाली ठेवला आणि स्वतःच्या मोटरसायकलला किक मारली.

"अरे, आधी जीप नीट कर!" मी ओरडले.

"आजी, मुलाखत जीपची हाय का पोरीची? बस गो मागं, घट्ट धर!"

दोघं घाटाकडे सुसाट गेली. मी गॅरेज राखत घड्याळ बघत बसले. दहाला पाच कमी असताना फोन वाजला.

"आजी, पोचले! आत बोलावतायत!"

मी एकटीनंच टाळ्या पिटल्या. समोर जीप बोनेट वासून पडली होती. पडू दे मेलीला!